मंगळवारात राहिलेलं नाव

या सोमवारी ऑफिसला निघाले होते. हिंडलग्याच्या पुढच्या वळणावर स्कूटर हळू करावी लागली. अर्ध्या रस्त्यावर कुणीतरी नाचण्याची कणसं पसरली होती आणि कडेला डोक्यावर पदर घेऊन बसलेली एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हातानं खूण करत होती, यावरून जावा, यावरून जावा. आपल्या चाकांनी कुणाची मळणी होत असेल तर आपलं काय जातं, म्हणून मीही कणसांवरूनच गेले. चाकाखाली चुरचुर झाली आणि मागोमाग तो वास आला. सुक्या काडाचा, धुळीचा, थोडासा गोड. सुगी आली हे आमच्याकडं कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं. पूर्वी या वासानं मला भूक लागायची. गेली तीन वर्षं लागत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत मी दर रविवारी बेळगावच्या शहापुरात मुलांना चुका शोधायला शिकवत होते. हे वाक्य आता लिहिताना मलाच हसू येतं. पण तेव्हा मी ते फार रुबाबात सांगायचे. वेबसाइट बनवायला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. बनवलेली वेबसाइट बिघडली की काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं हेच करत आलेली. मग काढला एक वर्ग. फी नाही, सर्टिफिकेट नाही, दोघांत एक लॅपटॉप. विणकरांच्या एका संस्थेनं वरचा हॉल दिला. खाली माग चालायचे, त्यांच्या खडखडाटानं प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर थरथरायचं. येळ्ळूरहून, खानापूरहून, निपाणीहून मुलं-मुली यायची आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातलं खायची. त्या हॉलला नव्या सुताचा आणि शिळ्या चटणीचा मिळून एक वास होता. तोही मला अजून आठवतो.

पहिल्या रविवारी मी फळ्यावर लिहिलं होतं : चूक आपोआप होत नाही. तिला कारण असतं. नीट शोधलं तर कारण सापडतंच. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. एकानं तर लाल पेनानं चौकट आखली. मी समाधानानं हात झटकले, खडूचे.

खालच्या मागावर एक म्हातारे आप्पा बसायचे. जिना चढताना त्यांच्या मागाजवळूनच जावं लागे. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "वर काय चालतंय गं तुमचं, दर ऐतवारी?"

"चुका शोधतो आप्पा. कॉम्प्युटरमधल्या."

"म्हंजे धागा तुटला तर हुडकतासा. बरं, माग थांबवून हुडकतासा का चालू ठिऊन?"

"चालूच असतंय आमचं. थांबवता येत नाही."

आप्पांनी हातातला धोटा खाली ठेवला आणि माझ्याकडं काळजीनं बघितलं. "मग लुगडं कसलं निघायचं गं तुमचं!"

मी वर जाऊन हे वर्गात विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त.

त्या वर्गात प्रमिला होती. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, अबोल, पण एकदा लॅपटॉप ओढून घेतला की कुणाला हात लावू न देणारी. ती जांबोटीकडच्या ज्या गावाहून यायची, तेच माझ्या वडिलांचं गाव. आम्ही शहरात आलो आणि गाव यात्रेपुरतं, लग्नापुरतं उरलं. त्यामुळं प्रमिलानं गावासाठी ॲप बनवलंय म्हटल्यावर मला उगाचच अभिमान वाटला, जणू तिला मीच शाळेत घातलं होतं.

ॲप साधंच होतं. गावात भात मळायचं मशीन एकच, परसूअण्णांचं. सुगीत सगळ्यांचं भात एकदमच कापणीला येतं आणि मग मशीन आधी कुणाच्या खळ्यावर जाणार यावरून दरवर्षी तोंडं फिरायची. पूर्वी परसूअण्णा दूध डेअरीच्या भिंतीवर खडूनं नावं लिहायचे. प्रमिलानं ती पाळी ॲपवर आणली. कुणाची कुठल्या दिवशी, एका दिवसाला तीन खळी. ज्यांच्याकडं मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी ती रोज संध्याकाळी यादी छापून डेअरीच्या त्याच भिंतीवर चिकटवायची. आम्ही वर्गात सरावाला हेच ॲप घेतलं. खोट्या उदाहरणांपेक्षा खरं बरं, असं माझं मत. गावातला माणूस यादी बघून भात कापणार, यादी बघून खळं सारवणार. यापेक्षा खरं काय असतं?

आणि मग वार लागले.

आमच्याकडं लक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. कित्येक वर्षांनी एकदा ठरते, आणि ठरली की त्याआधी गाव काही वार पाळतं. पंच बसतात, देवळात कौल होतो, दवंडी फिरते. त्या वर्षी पाच मंगळवार ठरले, ऐन सुगीत. वाराच्या दिवशी शेतात विळा न्यायचा नाही, बैलाला जू लावायचं नाही, मशीन चालू करायचं नाही, धुणंसुद्धा धुवायचं नाही. तो दिवस देवीचा. माणसं अंगणात बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. लहानपणी मला त्या दिवशी गावात फार विचित्र वाटायचं. इतकी शांतता की कोंबड्यांचं चालणं ऐकू यायचं.

यादी आधीच आठवड्याभराची लागून गेली होती. प्रमिला रविवारी वर्गात आली ती हाच प्रश्न घेऊन. "मॅडम, मंगळवारी मशीन चालणार न्हाय. यादीचं काय करू?"

मी दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "तारीख बंद कर की. सुट्टी म्हणायचं आणि पुढं जायचं."

तिनं तसं केलं. मी तिच्या मागं उभी राहून बघितलंही. सोमवार, मग बुधवार. मंगळवार दिसेनासा झाला होता. "छान," मी म्हणाले.

आता मला कळतं की मी ऑफिसातल्या बाईसारखा विचार केला. ऑफिसला सुट्टी म्हणजे त्या दिवशी काम नाही, एवढंच. गावात वाराला काम बुडत नाही, सरकतं. मंगळवारची माणसं बुधवारी, बुधवारची गुरुवारी, सगळी रांग एक घर मागं. परसूअण्णा खडूनं लिहायचे तेव्हा ते न सांगता तसं करायचे. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि कुणाला ते सांगावंसंही वाटलं नव्हतं, इतकं ते उघड होतं. मीही त्याच गावची. पण माझ्या डोक्यात ते आलं नाही. बंद केलेल्या मंगळवारी तीन नावं होती. ती पुसली गेली नाहीत, सरकलीही नाहीत. त्या बंद दिवसाच्या आत, कुणाला दिसणार नाहीत अशी बसून राहिली.

तिघांतल्या दोघांनी परसूअण्णांना फोन लावला. अण्णांनी तोंडी सांगून त्यांची मळणी उरकली आणि आम्हाला कुणाला कळवलं नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काय होतं? तिसरं नाव ताराक्काचं होतं.

ताराक्का गावाच्या टोकाला ओढ्याजवळ राहते. नवरा गोव्यात एका हॉटेलात कामाला, सणाला येतो. लेकीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. त्यामुळं शेत सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. यात्रेला लेक पहिल्यांदाच सासरच्या माणसांना घेऊन येणार होती, आणि ताराक्कानं ओढ्याकाठचं एक वावर खास त्यासाठी राखलं होतं. वासाचं भात. त्याच तांदळाचा देवीला नैवेद्य, त्याचाच पाव्हण्यांना भात. वर्षभर ती येईल त्याला हे सांगत होती, असं प्रमिला नंतर म्हणाली. यादीत मंगळवार बघून, वारामुळं तो बुधवारी सरकेल असं धरून तिनं शनिवारी भात कापलं, रविवारी खळं सारवलं. सोमवारी संध्याकाळी डेअरीत गेली तर यादीत तिचा मंगळवार नव्हता, आणि ती पण नव्हती.

तिनं कुणाला विचारलं नाही. वाराचा मंगळवार घरात बसून काढला. बुधवारीही जाऊन बघितलं, गुरुवारीही. मग पेंढ्या गोळा करून खळ्याच्या कडेला रचल्या, वर खताच्या पोत्यांचं पांघरूण घातलं. शनिवारी अवेळी पाऊस आला. तीन दिवस राहिला. वरून पोती होती, पण पाणी खालून शिरलं.

हे मला कळलं तीन आठवड्यांनी. वर्गात डबे उघडले होते आणि प्रमिला कुणाला तरी सहज सांगत होती, "आमच्यात एका काकूंच्या भाताला कोंब आले बघ. मशीनच लावली न्हाय त्यांनी. का न्हाय लावली काय म्हाईत." मी डबा बाजूला ठेवला. मी विचारलं, त्यांची पाळी कधी होती? प्रमिलानं लॅपटॉप ओढला. दोन मिनिटं ती यादी वरखाली करत राहिली. मग तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली आणि दुरुस्त करायला दहा. मी मुलांना सगळं फळ्यावर समजावून सांगितलं, कारण त्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. बंद दिवसाची नावं पुढं सरकवायची. शिवाय पुन्हा कुणाचं नाव गळू नये म्हणून आणखी एक नियम घातला : परसूअण्णांनी एका नावापुढं 'मळणी झाली' हे बटण दाबल्याशिवाय पुढचं नाव उघडणारच नाही. म्हणजे कुणाला वगळून पुढं जाताच येणार नाही. आम्ही ते दहा वेळा तपासलं. दहाही वेळा सगळं हिरवं आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलानं वाजवल्या नाहीत, ती खिडकीतून खाली बघत होती. खाली आप्पांचा माग थांबला होता. धागा तुटला असणार.

पुढच्या रविवारी वर्गाला सुट्टी दिली आणि आम्ही दोघी ताराक्काकडं गेलो. बस फाट्यावर सोडते, तिथून चालत. दोन्ही बाजूंना मळलेली खळी, काडाच्या गंजी, बाया सुपानं भात वारवत होत्या. सगळ्या गावाची सुगी आटोपत आलेली. माझ्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी होती. माफी मागायला जाताना लॅपटॉप कशाला लागतो, हे मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ताराक्का अंगणात बसली होती. पुढं एका चादरीवर भात पसरलेलं, काळपट, मध्येमध्ये पांढरे कोंब. ती त्यातलं बरं-वाईट निवडत होती. ते निवडून होण्यासारखं नव्हतं, ते आम्हा तिघींनाही दिसत होतं. प्रमिलानं माझी ओळख करून दिली.

"बाळूअण्णाची लेक न्हवं तू?" ताराक्का उठलीच. "ये, बस. च्या टाकतो मी."

आमच्याकडं बायकासुद्धा टाकतो, करतो असंच म्हणतात. मीही लहानपणी म्हणायचे. मी म्हणाले, "चहा राहू दे आक्का. मी सांगायला आलेय. तुमचं नाव यादीतून गेलं ती माझी चूक. मंगळवार बंद करायला मी सांगितलं."

"तू कशाला बंद करशील? वार हुता त्यो."

"वार होता. पण तुमचं नाव बुधवारी यायला पाहिजे होतं. कॉम्प्युटरमध्ये चुकलं."

ती हसली. लहान पोर काहीतरी बोललं की हसतो, तसं. मग मी ती मूर्खपणाची गोष्ट केली. लॅपटॉप काढला, जुनी फाइल उघडली आणि तिला दाखवलं. हा बघा सोमवार. हा बंद मंगळवार. आता मी तो उघडते. हे बघा, इथं तुमचं नाव होतं, आतच होतं, कुठं गेलं नव्हतं.

ताराक्कानं हात पदराला पुसले आणि वाकून बघितलं. चौथीपर्यंत शिकलेली, आपलं नाव तिनं बोटाखाली धरून वाचलं. मग बोट वर नेऊन वार वाचला.

"व्हय की," ती म्हणाली. "देवीच्या दिवसातच हाय."

"आक्का, तसं नाही..."

"तसंच हाय गं. मी म्हनतच हुतो. तिनं माझं नाव ठिऊन घेटलं." आणि मग आवाज खाली आणून, प्रमिलाकडं न बघता, मला एकटीलाच सांगावं तसं म्हणाली, "पोरीच्या लग्नानंतर आषाढात दरवर्षीचं वार लागलंते. पाव्हणे हुते घरात, धुण्याचा ढीग पडलाता. मी वड्यावर जाऊन धुतलो. कुणी बघिटलं न्हाय. पर तिला दिसलं असंल की. म्हनून माझं भात नको झालं तिला."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. देवी असं करत नाही म्हणाले. देवीला भात नको असेल तर तिला कॉम्प्युटर लागत नाही, असंही म्हणाले. ते तर फारच वाईट होतं. प्रमिला रडायला लागली. ताराक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला रडाल्यास? तुमच्या मिशनीनं काय व्हतंय? च्या घेऊन जावा."

आम्ही चहा घेतला. गूळ जास्त घातला होता, पाहुण्यांसाठी घालतात तसा.

येताना फाट्यापर्यंत मला सारखी ती फळ्यावरची ओळ दिसत होती. चुकीला कारण असतं, नीट शोधलं तर सापडतंच. ताराक्कानं महिनाभर एकटीनं बसून नीट शोधलं होतं, आणि तिला सापडलं होतं. तिचं कारण तिला पुरत होतं. माझं खरं कारण मी पाठीवर घेऊन तिच्या अंगणात गेले आणि तसंच परत घेऊन आले. मला वाटायचं, अपराध कबूल केला की ओझं उतरतं. ऐकणाऱ्यानं तो घेतलाच नाही तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. अजून नाही.

यात्रेला मी गेले. ताराक्काच्या दारात मांडव होता, लेक आली होती, जावई, सासू, सासूच्या दोन बहिणी. तांदूळ शहरातून आणलेला. चांगलाच होता, मोकळा, पांढरा. "वाढू की जरा," म्हणत ती मला आग्रह करत राहिली, आणि मी नको म्हणण्याची हिंमत न होऊन खात राहिले. विहीणबाईंनी तांदळाचं कौतुक केलं. ताराक्का पातेलं घेऊन आत गेली ती पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. देवीच्या नैवेद्यासाठी तिनं शेजारणीकडून एक शेर तांदूळ मागून आणला होता, त्या शेजारणीच्या शेतातला. मला हे प्रमिलानं सांगितलं. प्रमिला मला अशा गोष्टी सांगत राहते, आणि मी तिला सांगू नको म्हणू शकत नाही.

त्यानंतरच्या दोन सुगीत ताराक्कानं यादीत नाव दिलं नाही. मशीन नको म्हणाली. फळी मांडून पेंढ्या हातानं झोडपते, एकटी. एका दिवसाचं काम बारा-पंधरा दिवस चालतं. परसूअण्णा स्वतः जाऊन सांगून आले, पंचांतल्या एकानं सांगितलं, लेकीनं फोनवर सांगितलं. ती सगळ्यांना हो म्हणते. चिडत नाही, रडत नाही. चिडली असती तर मी तिच्या पायावर तरी पडले असते.

आमचा वर्ग अजून चालतो. नवी मुलं येतात, फळ्यावरची ओळ मी आता लिहीत नाही. प्रमिलाला बेळगावातच नोकरी लागली, पण रविवारी शिकवायला येते आणि मुलांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडते. गावचं ॲप आता शेजारची चार गावंही वापरतात. गेल्या तीन वर्षांत त्यातून एकही नाव गळलेलं नाही.

यंदा मी एक केलं. नाचण्यावरून स्कूटर गेली त्याच दिवशी ऑफिसात बसून यादी उघडली आणि ताराक्काचं नाव मीच घातलं. तिला न विचारता. गुरुवार, पहिलं खळं. मशीन दारात येऊन उभं राहिलं तर नाही कशी म्हणेल, असा माझा हिशेब. मुद्दाम मंगळवारपासून लांबचा दिवस घेतला. मग तीन दिवस मी तासातासाला यादी उघडून बघत होते.

काल गुरुवार होता. दहाच्या सुमाराला मी फोनवर यादी उघडली. ताराक्काच्या नावापुढं हिरवी खूण होती. मळणी झाली. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले, आणि रडता रडताच परसूअण्णांना फोन लावला.

"अण्णा, झाली व्हय ताराक्काची मळणी?"

पलीकडं मशीनचा मोठा आवाज होता. ते लांब सरकले असावेत. "कुटली गं! गेलतो की मी मशीन घिऊन. पानी दिली, गूळ दिली, मशीनला हळद-कुंकू लावली, आनि म्हनाली, जावा पुढं. लई सांगिटलो. ऐकंना. मग काय करू? बटन दाबल्याबिगर पुढचं नाव उघडत न्हाय तुमचं. दाबलो आनि आलो."

त्यांनी दोनदा हॅलो, हॅलो केलं. मागं मशीन चालू होतं, आणि मशीन मध्ये थांबलं की लांबून फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज येत होता.

परवा रविवार. नवी मुलं सरावाला हेच ॲप उघडतील, प्रत्येक नाव, ताराक्काचं हिरवंही, तपासतील, आणि कुणीतरी हात वर करून विचारेल, मॅडम, यात काही चूक राहिलीय का? मला नाही म्हणावं लागेल.